‘जागेअभावी’ हा शब्द आधी खोडा

प्रश्न : आम्ही दोघं मित्र तालुक्याच्या गावातून कवितेचं एक त्रैमासिक चालवतो. ६४ पानं, डेमी आकार, ४०० प्रती. गेल्या अंकासाठी सातशेच्या आसपास कविता आल्या आणि त्यातल्या निम्म्या वाचायच्या अवस्थेत नव्हत्या. कुणी वहीच्या पानाचा तिरका फोटो पाठवतं, कुणाच्या फाइलीत नुसता चिन्हांचा पाऊस, कुणी एकदम चाळीस कविता पाठवून ‘यातल्या योग्य वाटतील त्या घ्या’ म्हणतं. पानं लावून झाल्यावर कळलं की त्यातली एक कविता रविवारच्या पुरवणीत आधीच येऊन गेली आहे. वर एका कवीनं अंक हातात पडल्यावर फोन करून सुनावलं, ‘तुम्ही माझ्या ओळी तोडल्या.’ रात्री साडेअकराला ‘सर, कवितेचं काय झालं?’ हे तर रोजचंच. आम्ही शक्यतो सगळ्यांना जागेअभावी कविता घेता आली नाही असं नम्रपणे कळवतो. आता दोनच मार्ग दिसतात : फक्त निमंत्रित कवींच्या कविता घ्यायच्या, नाहीतर कविता पाठवायला शंभर रुपये शुल्क ठेवायचं. तुम्ही काय सुचवाल?
– एक वैतागलेला संपादक

उत्तर :

नमस्कार,

दोन्ही मार्ग नकोत. का ते शेवटी सांगतो. आधी पत्रासोबत तुम्ही मागच्या अंकातलं जे आवाहन पाठवलंय ते पाहू. ‘पुढील अंकासाठी कवींनी आपल्या दर्जेदार कविता पाठवाव्यात. व्हॉट्सॲप क्रमांक खालीलप्रमाणे.’ झालं. किती कविता, कोणत्या स्वरूपात, कधीपर्यंत, छापून आलेली चालेल का, उत्तर कधी मिळेल, यातलं एक अक्षर नाही. ‘दर्जेदार’ शब्द तेवढा आहे, आणि आपली कविता दर्जेदार नाही असं वाटणारा कवी अजून जन्माला यायचाय, त्यामुळे तो शब्द कुणालाच अडवत नाही. कवींचा निष्काळजीपणा खराच आहे. पण त्यातला बराचसा तुमच्या या दोन वाक्यांनी आवतण देऊन घरी बोलावला आहे.

पहिल्यांदा कवीला जागेचा हिशेब सांगा, कारण तो त्याला कधीच कुणी सांगत नाही. ६४ पानं म्हणजे सोळा पानी चार फर्मे. अनुक्रम, संपादकीय, एखादं परीक्षण, आलेल्या पुस्तकांची पोच, वर्गणीचं पान हे सगळं वजा केलं की कवितेला ४६-४८ पानं उरतात. आता एकच पान जवळून बघा. डेमी अष्टमांश म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. मजकुराची उंची पावणेसात इंच धरली आणि १२ पॉइंटच्या अक्षराला १८ पॉइंटचं अंतर दिलं, तर पानावर २७ ओळी बसतात. (अंतर याहून कमी करायच्या मोहात पडू नका. देवनागरीला वर मात्रा आणि खाली उकार असतात, ओळी एकमेकींच्या अंगावर येतात.) शीर्षक, कवीचं नाव आणि त्यांच्याभोवतीची मोकळी जागा यात पाच ओळी जातात. राहिल्या बावीस, त्यातच दोन कडव्यांमधली रिकामी ओळही मोजायची. म्हणजे २२ ओळींची कविता एका पानात मावते आणि २४ ओळींची कविता दोन पानं खाते : दुसऱ्या पानावर दोन ओळी आणि खाली सगळा पांढरा माळ. कवीला हे ठाऊक नसतं, म्हणून तो चोवीस ओळींची पाठवतो, आणि मग तुमचा पानं लावणारा दोन कडव्यांमधली जागा चिमटून ती कविता एका पानात कोंबतो. ‘माझी कडवी जोडली’ ही तक्रार इथून जन्मते.

तेव्हा हा आकडाच छापा. रिकाम्या ओळी धरून २२ पर्यंतची कविता एका पानात बसते, त्याहून लांब कविता प्रत्येक अंकात जास्तीत जास्त तीन घेतो. लांब कवितेला बंदी घालू नका, तिची जागा मर्यादित आहे एवढंच कळवा. या हिशेबानं अंकात चाळीसेक कविता बसतात. सातशे आल्या, चाळीस घेतल्या, हे संपादकीयात एकदा मोकळेपणानं लिहून टाका. सतरातली एक हे प्रमाण वाचल्यावर फोनवरच्या माणसाचा सूर पुष्कळ उतरतो.

एका कवीनं किती पाठवायच्या? तीन ते पाच. एकाच कवितेवरून कवीचा अंदाज येत नाही, आणि चाळीस पाठवणारा निवडीचं स्वतःचं काम तुमच्या गळ्यात घालतो. ‘पाचापेक्षा जास्त आल्यास पहिल्या पाचच वाचल्या जातील’ असं लिहा आणि खरंच तेवढ्याच वाचा. सहाव्या कवितेवर चुकून नजर गेली आणि ती बरी निघाली, की नियम तुम्हीच मोडाल आणि पुढच्या वेळी साठ येतील.

आता व्हॉट्सॲप. कविता घेण्यासाठी ते बंदच करा. दोघा संपादकांपैकी फोन एकाच्या खिशात असतो, कविता लग्नपत्रिका आणि सुप्रभातांखाली गाडली जाते, फोन बदलला की सगळं जातं. शिवाय ओळीच्या दोन्ही टोकांना शोभेसाठी टाकलेले तारे (*) त्या ओळीला ठळक करून स्वतः गायब होतात, आणि ठळक अक्षर कवीला हवं होतं की नव्हतं हे कळायला मार्ग नसतो. फक्त कवितांसाठी एक नवा ईमेल पत्ता उघडा, जो दोघांनाही पाहता येईल. विषयाच्या ओळीत ‘कविता – नाव – गाव’ असंच लिहायला सांगा. ‘कविता’ या शब्दावर मेलमध्ये गाळणी लावली की सगळ्या आपोआप एका कप्प्यात पडतात. ज्यानं विषयच लिहिला नाही, त्यानं आवाहन वाचलेलं नाही, हेही आपोआप कळतं.

चिन्हांच्या पावसाबद्दल मात्र कवीवर रागावू नका. श्री-लिपी, कृतीदेव, शिवाजी यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या मजकुरात देवनागरी अक्षरं नसतातच. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असतात, इतकंच. तो फॉन्ट ज्या संगणकावर आहे तिथे कविता कविता दिसते, तुमच्याकडे तो नाही म्हणून खालची इंग्रजी अक्षरं आणि शेपट्या उघड्या पडतात. कवीनं, किंवा त्याच्या गावच्या डीटीपीवाल्यानं, ती आपल्या पडद्यावर नीटच पाहिलेली असते. त्याला कळवायचं वाक्य तयार ठेवा : ‘तुमची फाइल जुन्या फॉन्टमध्ये असल्यानं आमच्याकडे उघडत नाही. फोनवरच्या मराठी कीबोर्डनं टाइप करून मेलमध्येच चिकटवून पाठवा.’

नुसती पीडीएफही घेऊ नका. ती बघायला सुंदर, पण तिच्यातून मजकूर उचलला की पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटतात. म्हणजे कविता पुन्हा टाइप करणं आलं, आणि पुन्हा टाइप करणं म्हणजे नव्या चुका. मजकूर युनिकोडमध्ये (म्हणजे फोनच्या मराठी कीबोर्डनं उमटतात त्या, कुठेही उघडणाऱ्या अक्षरांत) मेलच्या आत किंवा वर्डच्या फाइलीत हवा, आणि त्याच्यासोबत साक्षीदार म्हणून पीडीएफ किंवा स्वच्छ फोटो. मजकूर पहिल्यातून घ्यायचा, ओळी दुसऱ्याशी ताडून बघायच्या.

ओळींचं प्रकरण जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण तुम्हाला आलेला रागाचा फोन त्याचाच आहे आणि त्यात चूक कुणाची हे ठरवणं सोपं नाही. समजा कवीनं लिहिलं होतं :

विहिरीच्या काठावर ठेवलेली कळशी
अजून ओली आहे

फोनचा पडदा अरुंद, पहिली ओळ आपोआप खाली वळली. कवीला वाटलं इथे ओळ संपली, त्यानं दुरुस्ती म्हणून तिथेच एंटर मारला. किंवा पीडीएफमधून मजकूर उचलताना पडद्यावरची प्रत्येक वळलेली ओळ वेगळी ओळ झाली. तुमच्याकडे आलं ते असं :

विहिरीच्या काठावर ठेवलेली
कळशी
अजून ओली आहे

वृत्तातली कविता असती तर ओळ मोडली हे लगेच कानाला कळलं असतं. मुक्तछंदात मात्र कळशी एकटी उभी राहू शकते, किंबहुना काही कवींनी ती मुद्दामच उभी केली असती. संपादकानं काय समजायचं? तुम्ही जोडलीत तर एक कवी ओरडणार, तशीच ठेवलीत तर दुसरा. यावर एक साधा उपाय आहे. प्रत्येक कवितेखाली ओळी आणि कडवी यांची संख्या लिहायला सांगा : ‘१४ ओळी, ३ कडवी’. कवीच्या आकड्यात आणि समोरच्या मजकुरात फरक दिसला की पानं लावायच्या आधीच विचारता येतं. हा आकडा लिहिताना कवीला स्वतःची कविता एकदा वरून खाली मोजावी लागते, हा वरचा फायदा. ज्याला तेवढंही जमत नाही त्याच्या ओळी तुटल्या तर फोन करायचा हक्क त्याच्याकडे राहत नाही.

स्पेसबार दाबून दाबून ओळ आत सरकवणाऱ्यांसाठी वेगळी सूचना हवी. मोकळ्या जागा चिकटवताना राहतीलच असं नाही, आणि राहिल्या तरी फॉन्ट बदलला की त्यांची रुंदी बदलते. ज्या ओळी आत हव्यात त्यांच्यापुढे कंसात ‘आत’ असं लिहा म्हणावं. दिसायला ओबडधोबड, पण पानं लावणाऱ्याला नेमकं कळतं.

आणि आता तुमच्या घरचा भाग. तुमचा डीटीपीवाला काम कशात करतो? पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये करत असेल (पुष्कळ ठिकाणी अजून तेच चालू आहे) तर त्याला युनिकोड कळत नाही. कवीनं तुमचं ऐकून युनिकोडमध्ये नीट पाठवलेली कविता तिथे जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतली जाते, आणि या बदलात काही अक्षरं हमखास मरतात. सगळ्यात वाईट हाल ‘ऱ्य’चे. तो युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो, त्यातल्या एका तऱ्हेत र आणि य यांच्यामध्ये एक न दिसणारं चिन्ह असतं. ते गळालं की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. सह्याद्रीवरची कविता समुद्रात जाऊन पडते आणि मुद्रितशोधकाच्या नजरेतून सुटते, कारण ‘दर्या’ हाही बरोबरच शब्द आहे. ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ ही दुसरी जोडी. उपाय असा : प्रत्येक अंकाच्या आधी एक चाचणी-ओळ बदलून बघा. दऱ्या, तऱ्हा, ॲप, ऑक्टोबर, बॅट, उद्ध्वस्त, शृंगार, वाङ्मय, सोऽहम्. जे मोडेल त्याची यादी करा आणि पूर्ण अंकात तेवढी अक्षरं शोधून हातानं सुधारा. काम इनडिझाइन या नव्या सॉफ्टवेअरमध्ये होत असेल तर परिच्छेदाच्या मांडणीत ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडलाय ना, हे विचारा. तो नसेल तर वेलांट्या भलतीकडे पडतात. कवींना निष्काळजी म्हणण्याआधी हे तपासलेलं बरं.

वृत्तबद्ध कवितेत आणखी एक खाच आहे. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार आपण दीर्घ लिहितो : कवी, गुरू, वायू. गणवृत्तात लिहिणाऱ्याला तिथे लघू हवा असेल तर तो ‘कवि’ लिहितो, आणि साहित्य महामंडळाच्या लेखननियमांनीही वृत्तासाठी ही मोकळीक दिलेली आहे. पण मुद्रितशोधक इमानदारीनं ‘कवी’ करतो आणि एक मात्रा वाढून ओळ लंगडते. म्हणून कवीनं कवितेखाली वृत्ताचं नाव द्यावं आणि ‘ऱ्हस्व-दीर्घ वृत्तानुसार’ अशी टीप लिहावी. उलट बाजूनंही हे उपयोगी पडतं. भुजंगप्रयात असं लिहिलेल्या कवितेत ओळीला बारा अक्षरं आणि चार ‘य’ गण (लघू-गुरू-गुरू) आहेत का, ‘गझल’ म्हणून आलेल्या रचनेच्या पहिल्या शेरात दोन्ही ओळींना काफिया (यमक) आहे का, शेर किमान पाच आहेत का, हे दोन मिनिटांत दिसतं. आठ अक्षरांच्या चार ओळी लिहून वर ‘गझल’ असं शीर्षक दिलेलं आलं, तर पुढे वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवा. आम्ही वाचणार नाही.

हस्तलिखिताचं दार लावू नका. ज्यांना टाइप करता येत नाही असे चांगले कवी अजून आहेत, विशेषतः वयस्क आणि खेड्यांतले. कागदाच्या एकाच बाजूला, प्रत्येक पानावर नाव आणि फोन, ओळींची संख्या खाली, आणि सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं एक पोस्टकार्ड, इतकं मागा. जुन्या आवाहनात ‘कविता रजिस्टर पोस्टाने पाठवाव्यात’ असं कुठे राहिलं असेल तर ते काढून टाका. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे, आणि कवितेला साधं टपाल पुरतं.

परिचय चाळीस शब्दांत मागा. नाही मागितलात तरी येतोच, आणि मग तीन पानांचा येतो : पुरस्कार, सन्मानपत्रं, कविसंमेलनांतले सहभाग, जोडीला फेट्यातला फोटो.

पुरवणीत येऊन गेलेल्या कवितेकडे वळू. ‘अप्रकाशित’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या सोयीनं लावतो. फेसबुकवर टाकलेली प्रकाशित की अप्रकाशित? कविसंमेलनात वाचलेली? यूट्यूबवर म्हटलेली? तुम्ही ठरवा आणि छापा. आमचं मत विचाराल तर छोट्या नियतकालिकानं फार सोवळं पाळू नये. स्वतःच्या भिंतीवर टाकलेली किंवा मंचावर वाचलेली चालेल. वर्तमानपत्र, नियतकालिक, दिवाळी अंक, संकेतस्थळ किंवा पुस्तक यांत आलेली नको. सहा महिन्यांत संग्रह येणार असेल तर तसं आधी कळवावं.

एकाच वेळी दहा ठिकाणी कविता पाठवू नये, हा नियम तुम्ही जरूर करा. पण मग त्याची किंमतही मोजा. कवी दहा ठिकाणी पाठवतो, कारण नऊ ठिकाणांहून उत्तरच येत नाही. तुम्ही त्याची कविता नऊ महिने अडवून ठेवणार आणि त्यानं दुसरीकडे बघायचं नाही, हे चालायचं नाही. साठ दिवसांची मुदत घ्या. साठ दिवसांत उत्तर गेलं नाही तर कविता मोकळी, कवीला विचारायचीही गरज नाही. मधल्या काळात ती दुसरीकडे लागली तर त्यानं एका ओळीचा मेल करावा. पानं लागल्यावर मात्र मागे घेता येणार नाही. ऑक्टोबरच्या अंकाला विशेष जपा. १९०९ च्या ‘मनोरंजन’ मासिकाच्या दिवाळी अंकापासून मराठी लिहिणाऱ्यांचं वर्ष दिवाळीभोवती फिरतं, आणि तुमच्या जुलैच्या मुदतीत येणाऱ्या कविता बहुतेक त्याच आठवड्यात दिवाळी अंकांच्या टपालातही पडलेल्या असतात. त्या अंकाच्या आवाहनात ‘दिवाळी अंकाकडे पाठवलेली कविता नको’ असं वेगळं लिहाच.

मुदत पाळायला वेळापत्रक लागतं. एप्रिलच्या अंकाचं उदाहरण घेऊ. कविता घ्यायच्या फक्त १ ते २० जानेवारी. वाचन १५ फेब्रुवारीपर्यंत. सगळी उत्तरं २८ फेब्रुवारीच्या आत, म्हणजे १ जानेवारीला पाठवणाऱ्यालाही साठाव्या दिवसाआधी कळतं. १ ते १० मार्च पानं लावणं, पुढचे तीन दिवस कवींकडून तपासणी, १६ मार्चला छपाईला. बारमाही उघडं दार हे तुमच्या रात्रीच्या साडेअकराच्या फोनचं मूळ आहे. वीस दिवसांचं दार ठेवलं की फोनही त्या दिवसांपुरते राहतात. शिवाय मेलला आपोआप जाणारी पोच लावून ठेवा. जीमेलमध्ये सुट्टीवर असताना लावायची जी सोय आहे तीच वापरायची, त्याच माणसाला ती चार दिवसांत एकदाच उत्तर पाठवते. मजकूर : ‘कविता मिळाल्या. ६० दिवसांत उत्तर येईल. न आल्यास ६१व्या दिवशी जरूर आठवण करा.’ फोनवर विचारणाऱ्याला ‘मेल बघा’ एवढंच सांगायचं, आणि कुणालाही, ओळखीच्यालाही, फोनवर निर्णय सांगायचा नाही. एकदा सांगितलात की तालुक्यात बोभाटा.

वाचायची पद्धत दोन फेऱ्यांची ठेवा. पहिल्या फेरीत कविता वाचायचीच नाही, स्वरूप बघायचं. फाइल उघडते का, ओळींचा आकडा आहे का. नसेल तर त्याच दिवशी दोन ओळींचं तयार उत्तर : अमुक राहिलं आहे, २० तारखेच्या आत पुन्हा पाठवा. न वाचता परत करताना अपराधी वाटून घेऊ नका, त्याला अजून संधी आहे. दुसऱ्या फेरीआधी एकानं अर्ध्या कवितांवरची कवींची नावं काढून क्रमांक घालावेत आणि दुसऱ्यानं त्या वाचाव्यात, उरलेल्या अर्ध्यांचं उलट. मग अदलाबदल. प्रत्येकानं आपल्या वहीत ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘पुन्हा’ यांपैकी एक लिहायचं, एकमेकांची वही बसायच्या दिवसापर्यंत बघायची नाही. दोन ‘हो’ लगेच घ्या, दोन ‘नाही’ लगेच सोडा, भांडण फक्त उरलेल्यांवर. चहा त्यासाठी राखून ठेवा. निवडलेल्या कवितांच्या पहिल्या दोन ओळी अवतरणचिन्हांत घालून इंटरनेटवर शोधायला विसरू नका. आधी छापलेली आणि दुसऱ्याची, दोन्ही प्रकारची कविता पुष्कळदा इथेच सापडते. यंत्राकडून लिहून घेतलेल्या कविताही आता येऊ लागल्यात. त्या ओळखून देणाऱ्या साधनांच्या भरवशावर कुणावर आरोप करू नका. ‘कविता स्वतः लिहिलेली आहे’ हे वाक्य कवीकडून लिहून घ्या, आणि जी कविता कुणाचीही असू शकली असती ती नाहीतरी घ्यायची नसतेच.

आता नकार. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, ‘आम्ही शक्यतो सगळ्यांना जागेअभावी कविता घेता आली नाही असं नम्रपणे कळवतो.’ हा शब्द आज खोडा. जागेअभावी म्हणजे कविता चांगली होती, पानं कमी पडली. मग कवी काय करणार? तीच कविता पुढच्या अंकाला पाठवणार, आणि बरोबरच आहे त्याचं. ‘पुढील अंकासाठी विचार करू’ हे तर त्याहून महाग पडतं, कारण तो थांबून राहतो आणि दर महिन्याला फोन करतो. तुमच्या सातशेतल्या किती कविता अशा तुमच्याच नम्रतेनं परत आलेल्या आहेत ते जुने मेल काढून बघा. सरळ लिहा : ‘आपल्या कविता वाचल्या. या कविता आम्ही घेत नाही आहोत. पाठवल्याबद्दल आभार.’ कारण देऊ नका. कारण दिलं की वाद सुरू होतो, आणि सहाशे साठ कवितांवर वाद घालायला तुम्ही दोघंच आहात. ज्यांच्याकडून पुन्हा कविता यावी असं मनापासून वाटतं, अशा दहा-पंधरा जणांनाच एक खरी ओळ लिहा : ‘तिसऱ्या कवितेतला पहिला अर्धा भाग आवडला, पुढे ती सांगत बसते. सहा महिन्यांनी नव्या पाठवा.’ एवढ्या एका ओळीवर माणूस वर्षभर लिहितो.

स्वीकाराच्या पत्रात मात्र तपशील हवा. कोणती कविता, कोणत्या अंकात, मानधन देता की अंकाची प्रत. हक्क कवीकडेच राहतील आणि आपण ती या अंकापुरती छापत आहोत, हेही लिहा. प्रतिमुद्राधिकार (कॉपीराइट) कायदा, १९५७ नुसार हक्क द्यायचे तर ते लेखीच द्यावे लागतात. उद्या तुम्ही निवडक कवितांचं पुस्तक काढायचं ठरवलंत तर प्रत्येक कवीला पुन्हा विचारावं लागेल, आणि कवी हयात नसेल तर मृत्यूनंतर साठ वर्षं त्याच्या वारसांना. पान लागल्यावर त्याचा फोटो कवीला पाठवा आणि अठ्ठेचाळीस तास द्या. ‘छपाईच्या चुका कळवा, कविता बदलू नका’ असं ठळक लिहून. नाहीतर मुद्रित समोर आलं की कवी कविता नव्यानं लिहायला बसतो.

वर्गणी आणि कविता एकाच पाकिटात आल्या तर वर्गणीची पावती त्याच दिवशी पाठवा, खाली एक ओळ : ‘वर्गणीचा निवडीशी संबंध नाही.’ वर्गणीदारांची यादी शक्यतो तिसऱ्याच कुणाकडे ठेवा, वाचणाऱ्याला ती माहीत नसलेली बरी.

यावरूनच शुल्काचं. शंभर रुपये ठेवलेत तर निष्काळजी माणूस ते भरेल आणि शेतमजुरी करून लिहिणारा किंवा वसतिगृहातली मुलगी थबकेल. आणि ज्यानं पैसे भरले तो निवडीची नव्हे, छापण्याची अपेक्षा धरेल. आपल्याकडे पैसे घेऊन छापणाऱ्या ‘प्रातिनिधिक’ संग्रहांनी तसंच शिकवून ठेवलंय. तुमचा फोन रात्री साडेअकराला वाजतो तो मग साडेबारालाही वाजेल.

निमंत्रितांपुरता अंक काढला तर काम नक्की हलकं होईल. पण तालुक्याच्या गावातून कवितेचं त्रैमासिक चालवण्यात जे हशील आहे तेच जाईल. फक्त कवितेला वाहिलेलं ‘काव्यरत्नावली’ नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ मध्ये सुरू केलं ते जळगावातून. पुरुषोत्तम पाटील यांचं ‘कवितारती’ १९८५ मध्ये निघालं धुळ्यातून. मुंबई-पुण्याच्या ओळखीपाळखीच्या बाहेरचं टपाल अशा पत्त्यांवर येतं. तुम्ही ज्यांना निमंत्रण द्याल त्या कवींना तुम्ही आधीच ओळखता, अडचण तीच आहे. फार तर अंकातली दहा पानं निमंत्रितांना ठेवा आणि तसं अनुक्रमात छापा, म्हणजे बाकीच्यांना छत्तीस पानं आपली आहेत हे कळेल.

आवाहनाचा मजकूर असा करता येईल, आकडे तुमचे घाला :

‘एप्रिल अंकासाठी कविता १ ते २० जानेवारी या काळातच स्वीकारू. तीन ते पाच कविता, युनिकोडमध्ये, मेलमध्ये चिकटवून किंवा वर्ड फाइलमध्ये. सोबत पीडीएफ किंवा फोटो. विषयात ‘कविता – नाव – गाव’ लिहावं. प्रत्येक कवितेखाली ओळी व कडवी यांची संख्या. वृत्त असल्यास त्याचं नाव. रिकाम्या ओळींसह २२ ओळी एका पानात बसतात. त्याहून लांब कविता अंकात तीनच. कविता स्वतःची, आणि वर्तमानपत्र, नियतकालिक, दिवाळी अंक, संकेतस्थळ वा पुस्तकात न आलेली असावी. ६० दिवस इतरत्र पाठवू नये. स्वतःच्या समाजमाध्यमावरची चालेल. परिचय ४० शब्द. हस्तलिखित टपालानं चालेल, सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं पोस्टकार्ड हवं. उत्तर ६० दिवसांत. व्हॉट्सॲपवर आणि फोनवर कविता व चौकशी स्वीकारत नाही.’

हे अंकाच्या शेवटच्या पानावर बारीक टायपात दडपू नका, अनुक्रमाच्या समोर छापा. छापायच्या आधी, ज्यानं ओळी तोडल्याबद्दल फोन केला होता त्या कवीला एकदा वाचायला द्या. त्याला जिथे शंका येईल ते वाक्य अजून अर्धवट आहे असं समजा. आणि अंकाच्या मलपृष्ठावर तुमचा खाजगी मोबाइल नंबर अजून छापला जातोय, तोही या निमित्तानं काढून टाका.